स्पाइक मिलिगन

टेरेन्स ॲलन मिलिगन ऊर्फ स्पाइक मिलिगन (जन्म : अहमदनगर, १६ एप्रिल १९१८; मृत्यू : राय, ससेक्स, इंग्लंड, २७ फेब्रुवारी २००२) हे इंग्रजी विनोदकार, आवाजाचे नट, लेखक, कवी आणि वादक होते. बीबीसी नभोवाणीवर १९५१ ते १९६० या काळात गाजलेल्या 'द गून शो' या विनोदी कार्यक्रमाचे ते प्रमुख लेखक होते. त्यातील अनेक पात्रांना त्यांचाच आवाज होता. महाराष्ट्रात जन्मलेले, पुण्यात व रंगूनमध्ये वाढलेले, इंग्लंडमध्ये स्थलांतरित झालेले आणि अखेरीस आयर्लंडचे नागरिक म्हणून मरण पावलेले मिलिगन कोणत्या देशाचे, या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील इंग्रजी विनोदाला जे निरर्थाचे वळण लागले, त्याचे श्रेय मात्र मुख्यतः त्यांनाच दिले जाते.

जन्म व बालपण

स्पाइक यांचे वडील लिओ मिलिगन हे मूळचे आयर्लंडमधील स्लायगो येथील. ब्रिटिश सैन्याच्या तोफखान्यात ते नोकरीस होते. आई फ्लॉरेन्स या इंग्रज होत्या. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) हे त्या काळीही मोठे लष्करी ठाणे होते आणि तेथेच स्पाइक यांचा जन्म झाला. बालपणाचा बराच काळ पुण्यात गेला. तेथे कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी या शाळेत त्यांचे प्रारंभीचे शिक्षण झाले. याच शाळेच्या नाताळच्या नाटुकल्यात आठव्या वर्षी त्यांनी विदूषकाचे काम केले, तेच त्यांचे रंगभूमीवरील पहिले पाऊल. पुढे वडिलांची बदली ब्रह्मदेशात झाल्यावर ते रंगूनच्या सेंट पॉल्स शाळेत शिकले.

वडिलांना स्वतःला रंगमंचाची हौस होती. सैनिकांच्या करमणुकीसाठी ते गाणी आणि नकला सादर करीत. घरातला हा नाद मुलाकडे आला. त्याच्या जोडीला आया, बटलर, शिपाई आणि फेरीवाले यांची हिंदुस्तानी बोली रोज कानावर पडत होती. पुढे नभोवाणीवर एकाच माणसाच्या कंठातून डझनभर माणसे बोलू लागली, त्याची पूर्वतयारी या छावणीजीवनात झाली असावी, असे म्हणण्यास जागा आहे. आपल्या हिंदुस्थानातील बालपणाविषयी ते म्हातारपणीही ओढीने बोलत. अर्थात ते सत्ताधारी गोऱ्यांच्या छावणीतले बालपण होते, हे वाचकाने विसरू नये.

इंग्लंडमध्ये स्थलांतर

१९३०च्या दशकाच्या प्रारंभी लष्करी खर्चात कपात झाली, वडिलांची नोकरी गेली आणि कुटुंब बोटीने इंग्लंडला आले. उन्हात वाढलेल्या या मुलाला दक्षिण लंडनमधील धुरकट, थंड वस्ती परकी वाटली. हिंदुस्थानात नोकरचाकर असलेले हे कुटुंब येथे तुटपुंज्या पैशांत भाड्याच्या घरात राहू लागले. मिलिगन यांनी कारकुनी आणि कारखान्यातील किरकोळ कामे केली. सायंकाळी ते वाद्यवृंदांत वाजवीत. कॉर्नेट, ट्रम्पेट आणि गिटार ही त्यांची वाद्ये. टेरेन्स हे नाव त्यांना आवडत नसे. स्पाइक जोन्स या अमेरिकन वादकाचा गमतीदार वाद्यवृंद नभोवाणीवर ऐकून त्यांनी स्वतःला 'स्पाइक' म्हणवून घेण्यास सुरुवात केली.

युद्ध

१९४० साली त्यांना सक्तीने सैन्यात भरती करण्यात आले. वडिलांप्रमाणेच तेही तोफखान्यात गेले आणि संदेशवाहक म्हणून उत्तर आफ्रिकेत व नंतर इटलीत लढले. हॅरी सीकोम यांची पहिली भेट उत्तर आफ्रिकेतलीच. मिलिगन यांच्या तुकडीची एक अवजड तोफ घसरून कड्याखाली गेली आणि सीकोम बसले होते तेथे जवळच पडली. तोफ कोणी पाहिली का, अशी विचारणा करीत मिलिगन तेथे पोहोचले, असे दोघेही सांगत. प्रसंगात थोडे तिखटमीठ असेल. परंतु 'गून शो'मधील कोणत्याही प्रवेशात तो तसाच्या तसा शोभला असता.

जानेवारी १९४४मध्ये कॅसिनोच्या आघाडीवर उखळी तोफेचा गोळा जवळ फुटून ते जखमी झाले. पायाची जखम भरली, पण मनावरचा आघात भरून निघाला नाही. ते रडू लागले, बोलताना अडखळू लागले. वरिष्ठ अधिकाऱ्याने हे दुखणे मानले नाही आणि त्यांची पदावनती करून त्यांना पुन्हा साधा गोलंदाज केले. या अपमानाची सल त्यांच्या युद्धविषयक आठवणींत अनेकदा डोकावते. ज्याच्या आवाजावर पुढे एक पिढी हसली, त्या माणसाला ऐन पंचविशीत धड बोलता येईना, हे ध्यानात ठेवल्याखेरीज त्यांचा विनोद नीट कळणार नाही. त्यात स्फोट आहेत, मूर्ख सेनाधिकारी आहेत, मरून पुन्हा उठणारी माणसे आहेत.

आघाडीवरून काढल्यावर त्यांना सैनिकांच्या करमणूक पथकात पाठविण्यात आले. तेथे व्हायोलिनवादक बिल हॉल यांच्यासमवेत त्यांचे एक त्रिकूट जमले. फाटक्या वेषात उत्तम संगीत आणि मधूनमधून वेडेचाळे, असा त्यांचा प्रयोग असे. युद्ध संपल्यावर काही काळ इटलीत आणि नंतर इंग्लंडमधील नाट्यगृहांत तो चालला.

'द गून शो'

लंडनमध्ये जिमी ग्राफ्टन हे विनोदी लेखक ग्राफ्टन आर्म्स नावाचा मद्यालय-गुत्ता चालवीत. तेथे मिलिगन, सीकोम, पीटर सेलर्स आणि मायकेल बेंटीन हे चौघे जमत. युद्धातून परतलेल्या या तरुणांच्या गप्पांतून जो कार्यक्रम उभा राहिला, तो २८ मे १९५१ रोजी 'क्रेझी पीपल' या नावाने बीबीसीवरून प्रथम प्रसारित झाला. १९५२ पासून त्याचे नाव 'द गून शो' झाले. दुसऱ्या मालिकेनंतर बेंटीन बाहेर पडले आणि तिघे उरले. २८ जानेवारी १९६० रोजी शेवटचा भाग प्रसारित झाला, तोवर दहा मालिका झाल्या होत्या.

प्रत्येक भाग साधारण अर्ध्या तासाचा असे. कथा नावापुरती, तर्क उफराटा. मिलिगन यांनी रंगविलेल्या पात्रांत भाबडा मूर्ख एकल्स, किरकिऱ्या आवाजाची म्हातारी मिनी बॅनिस्टर आणि दरिद्री झालेला फ्रेंच भामटा मोरिआर्टी ही विशेष लोकप्रिय होती. मिनीचा सोबती हेन्री क्रन याचा आवाज सेलर्स यांचा. हे दोघे म्हातारे साधे दार उघडण्यावरूनही मिनिटेच्या मिनिटे वाद घालीत आणि श्रोते हसून बेजार होत. लालकाका आणि बॅनर्जी ही दोन हिंदी पात्रेही कार्यक्रमात येत. पैकी बॅनर्जी मिलिगन यांचे, तर लालकाका सेलर्स यांचे.

नभोवाणीच्या माध्यमाला त्यांनी काय दिले, हे विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहावे. तोवर श्रुतिकेत ध्वनी हा संवादाचा पाठीराखा असे: दार वाजले, घोडा दौडला, पाऊस पडला. मिलिगन यांनी ध्वनीलाच विनोद करावयास लावले. पावलांचा आवाज दूर जातो, जातच राहतो, वाहनात बसतो आणि भलत्याच देशातून परत येतो. डोळ्यांना जे दाखविता येणार नाही, ते कानांना दाखविता येते, हे त्यांनी ओळखले होते. हवा तो आवाज मिळेपर्यंत ते तंत्रज्ञांना सळो की पळो करीत. मोज्यात कस्टर्ड भरून तो आपटून पाहिल्याची त्यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९५८ साली बीबीसीने विद्युत्-ध्वनींसाठी स्वतंत्र कार्यशाळा स्थापन केली, तेव्हा तिच्या आरंभीच्या कामांत मेजर ब्लडनॉक या पात्राच्या पोटातील गडगडाटाचा समावेश होता.

आजारपण

दर आठवड्याला नवी संहिता देण्याचा ताण मोठा होता. १९५२च्या अखेरीस मिलिगन यांचा तोल पूर्ण ढळला. सेलर्स यांना मारण्याच्या भ्रमिष्ट हेतूने ते सुरी घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यानंतर त्यांना इस्पितळात ठेवावे लागले आणि त्या मालिकेतील अनेक भाग त्यांच्याविना झाले. पुढे एरिक साइक्स व लॅरी स्टीफन्स यांनी लेखनाचा भार उचलला. मिलिगन आणि सेलर्स यांचा स्नेह या प्रसंगानंतरही टिकला, ही गोष्ट दोघांच्याही बाजूने नोंदविण्यासारखी आहे. सेलर्स चित्रपटांत जगप्रसिद्ध झाले. मिलिगन मात्र लिहीत राहिले आणि आजारी पडत राहिले.

त्यांना द्विध्रुवीय मनोविकार होता. उत्साहाच्या भरात ते रात्रंदिवस लिहीत आणि मग दीर्घकाळ खोलीचे दार लावून घेत. पहिला विवाह या काळातच मोडला. वेडाला प्रतिभेची किंमत मानण्याची रोमँटिक कल्पना त्यांना मान्य नव्हती. हा आजार आपण निवडलेला नाही आणि तो कोणावर येऊ नये, असेच त्यांचे सांगणे असे. मानसिक आजाराविषयी इंग्लंडमध्ये उघडपणे बोलणाऱ्या पहिल्या काही प्रसिद्ध व्यक्तींत त्यांची गणना होते. मनोविकारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्यासह त्यांनी नैराश्यावर लिहिलेले पुस्तक १९९३ साली प्रसिद्ध झाले.

नागरिकत्वाचा प्रश्न

१९६२ साली ब्रिटनमध्ये राष्ट्रकुल स्थलांतरितांविषयीचा कायदा झाला. हिंदुस्थानात जन्मलेल्या मिलिगन यांचा ब्रिटिश पारपत्रावरील आपोआपचा हक्क त्यामुळे उरला नाही. हक्क हवा तर राणीशी निष्ठेची शपथ घ्यावी लागणार होती. ब्रिटनसाठी अनेक वर्षे गणवेषात काढून, रणांगणावर रक्त सांडून पुन्हा निष्ठा सिद्ध करावयाची, हे त्यांना पटले नाही. त्यांनी शपथ नाकारली. वडील आयर्लंडमध्ये जन्मलेले असल्याने ते त्या देशाचे नागरिक होऊ शकत होते. तसे ते झाले आणि अखेरपर्यंत राहिले. ब्रिटनने पुढे त्यांना १९९२ साली सीबीई आणि २००१ साली केबीई हे सन्मान दिले. मात्र ते परकीय नागरिकांना देतात तसे मानद होते.

उत्तरकालीन कार्य

आईवडील व धाकटा भाऊ ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले होते. न्यू साउथ वेल्समधील वॉय वॉय या गावी आईवडिलांकडे ते वारंवार जात. 'पकून' (१९६३) या आयर्लंडच्या फाळणीवरील त्यांच्या विनोदी कादंबरीचा बराच भाग तेथे लिहिला गेला. सीमारेषा आखणाऱ्या मंडळाने एका खेड्याचे दोन तुकडे केले, दफनभूमी एका देशात आणि चर्च दुसऱ्या देशात गेले, हा तिचा विषय. हिंदुस्थानातील वाचकाला तो समजावून सांगावा लागत नाही.

जॉन अँट्रोबस यांच्यासह लिहिलेले 'द बेड सिटिंग रूम' हे नाटक अणुयुद्धानंतरच्या उद्ध्वस्त लंडनमध्ये घडते. १९६४ साली 'ओब्लोमॉव्ह' या नाटकात भूमिका करताना त्यांनी संहिता बाजूस ठेवून प्रेक्षकांशी थेट बोलण्यास सुरुवात केली. नाटक जवळजवळ रोज नवे होऊ लागले आणि लंडनमध्ये तुफान चालले. बालगीतांचे त्यांचे पहिले पुस्तक १९५९ साली आले. 'द टेलिगून्स' या बाहुल्यांच्या मालिकेत तिघांनीही पुन्हा आवाज दिले. उतारवयात लहान मुलांच्या चित्रमालिकांचे निवेदनही मिलिगन यांनी केले. १९७१ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या युद्धस्मृतींचे सात खंड आहेत. ते वाचताना हकिगत आणि थट्टा वेगळी काढण्याची जबाबदारी वाचकावर येते.

दूरचित्रवाणीवर १९६९ साली आलेल्या 'क्यू ५' या मालिकेत प्रहसने शेवटाविना अर्ध्यावर सोडून दिली जात. ती पाहून 'माँटी पायथन'मधील तरुण मंडळी अस्वस्थ झाली, कारण नेमके हेच त्यांना करावयाचे होते. तिचे दिग्दर्शक इयन मॅकनॉटन यांनाच त्यांनी आपल्याकडे घेतले. बीटल्सपैकी जॉन लेनन हेही बालपणापासून 'गून शो'चे चाहते होते.

याच वर्षी 'करी अँड चिप्स' या मालिकेत त्यांनी चेहरा काळवंडून आयरिश-पाकिस्तानी कामगाराची भूमिका केली. वंशद्वेषाची टर उडविणे हा हेतू असल्याचे सांगितले गेले. प्रत्यक्षात तिच्यातील शिवराळपणाच लोकांच्या लक्षात राहिला आणि सहा भागांनंतर ती बंद करण्यात आली. हिंदुस्थानी बोली जवळून ऐकत वाढलेल्या माणसाने त्या बोलीची अशी नक्कल करावी, हे आजच्या वाचकाला खुपते. त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही.

प्राणी व झाडे यांच्यासाठी ते आयुष्यभर भांडले. केन्सिंग्टन गार्डन्समधील एल्फिन ओक या कोरीव बुंध्याच्या दुरुस्तीसाठी त्यांनी पुढाकार घेतला. १९७१ साली लंडनच्या हेवर्ड कलादालनात एका कलाकृतीचा भाग म्हणून मासे विजेच्या धक्क्याने मारले जाणार होते. निषेध म्हणून मिलिगन यांनी दालनाची काच फोडली.

मृत्यू

सेलर्स १९८० साली, तर सीकोम २००१ साली वारले. त्यानंतर वर्षभरातच, २७ फेब्रुवारी २००२ रोजी, मूत्रपिंडे निकामी होऊन मिलिगन यांचे वयाच्या ८३व्या वर्षी राहत्या घरी निधन झाले. विंचेल्सी येथील सेंट टॉमस चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले. आपण आजारी आहोत हे आपण सांगितलेच होते, अशा अर्थाचा विनोदी मजकूर थडग्यावर असावा, अशी त्यांची इच्छा होती. चर्चच्या अधिकाऱ्यांना तो इंग्रजीत मान्य होईना. अखेर तो आयरिश भाषेत कोरण्यात आला.