स्वरतपस्वी पं. गजाननबुवा जोशी

देवालयाचा जीर्णोद्धार म्हणजे केवळ दगडचुन्याचे काम नव्हे. नवा कळस चढला, सभामंडप उभा राहिला, तरी त्या मंडपात सूर घुमला नाही तर देऊळ मुकेच राहते. हा सूर एका पिढीकडून दुसऱ्या पिढीच्या हाती सोपविणारे थोर गुरू महाराष्ट्राच्या पुण्याईने होऊन गेले. व्हायोलिनवादक, गायक आणि गुरू असे तिहेरी कार्य करणारे पं. गजाननराव तथा गजाननबुवा जोशी हे त्यांपैकी एक.

बुवांचा जन्म 30 जानेवारी 1911 रोजी मुंबईस झाला. वडील अनंत मनोहर तथा अंतूबुवा जोशी हे गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य आणि ग्वाल्हेर गायकीचे मान्यवर गायक. सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार व कलावंतांचे आश्रयदाते. त्यांच्या दरबारी अंतूबुवा गायक होते. गजाननरावांना गाण्याची पहिली तालीम वडिलांकडूनच मिळाली.

गजाने वाजणारे वाद्य मराठवाड्याला नवे नाही. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागातील परधान मंडळी किंगरीवर गोंड राजांच्या कथा पिढ्यान् पिढ्या गात आली आहेत. व्हायोलिन मात्र साहेबांबरोबर आले. दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितरांनी ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच कर्नाटक संगीतात आणले. उत्तर हिंदुस्थानी संगीतात त्याला मानाचे स्थान मिळण्यास बराच काळ जावा लागला. हे वाद्य कठीण. चार तारा आणि एक गज, सतारीसारखे पडदे नाहीत. बोट केसभर सरकले तरी सूर ढळतो. बुवांनी हे वाद्य स्वतःच्या मेहनतीने आत्मसात केले. गळ्यात मुरलेली गायकीच त्यांनी तारांवर उतरविली. म्हणूनच त्यांचे वादन हे गाणेच वाटे.

वडिलांचे नाव मोठे, स्वतःचे नावही होऊ लागलेले. एवढ्यावर थांबले असते तरी बुवांचे काही अडले नसते. पण त्यांची ज्ञानाची भूक मोठी होती. एका घराण्याच्या शिष्याने दुसऱ्या घराण्याच्या उंबरठ्यावर जाणे त्या काळी सहसा रुचत नसे. बुवांनी तो संकोच बाजूला ठेवला. गायनाचार्य रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून त्यांनी विद्या घेतली. कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादिया खाँसाहेब यांचे सुपुत्र भूर्जी खाँ यांच्यापाशी बसून जयपूर घराण्याची पेचदार, अवघड गायकी ते शिकले. आग्रा घराण्याचे विलायत हुसेन खाँ यांच्याकडून बंदिशी व लयकारी घेतली. ग्वाल्हेर, जयपूर आणि आग्रा अशा तीन नद्यांचा संगम त्यांच्या ठायी झाला. विद्या मागताना त्यांनी ना जात पाहिली, ना धर्म, ना वयाचा व कीर्तीचा अभिमान धरला.

पुढे आकाशवाणीच्या सेवेत त्यांनी बरीच वर्षे काढली. अंतूबुवांना 1955 मध्ये गायनासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. 1972 मध्ये तोच सन्मान गजाननबुवांना व्हायोलिनवादनासाठी प्राप्त झाला. पिता-पुत्रांनी एकाच सन्मानाचे मानकरी व्हावे, तेही एकाने गळ्यासाठी आणि दुसऱ्याने गजासाठी, हा योग दुर्मिळच.

परंतु बुवांचे खरे मोठेपण त्यांच्या विद्यादानात आहे. तीन घराण्यांच्या दारी जाऊन जे मिळविले, ते त्यांनी कुलूप लावून ठेवले नाही. विद्या संग्रही ठेवली तर ती धन्याबरोबर चितेवर जाते. वाटली तर दहा घरी नांदते. गोव्याचे श्रीधर पार्सेकर त्यांच्याकडे व्हायोलिन शिकून नामवंत झाले. 1964 मध्ये ऐन उमेदीत ते निवर्तले. चिरंजीव मधुकर जोशी यांनी व्हायोलिनचा वारसा चालविला. गायनात उल्हास कशाळकर, अरुण कशाळकर, पद्मा तळवलकर असे शिष्य त्यांनी घडविले. उल्हास कशाळकर 1993 मध्ये कोलकात्याच्या संगीत रिसर्च अकादमीत गुरू म्हणून रुजू झाले; बुवांची विद्या अशी बंगालपर्यंत पोचली.

अंतूबुवांनी आपले सद्गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ 1940 मध्ये औंधला संगीतोत्सव सुरू केला होता. 1967 मध्ये अंतूबुवांचे निधन झाले, तरी गजाननबुवांनी उत्सवाची ज्योत विझू दिली नाही. संस्थान विलीन झाले, राजाश्रय गेला; परंतु गुरुस्मरणाची ही सेवा शिष्यांच्या बळावर चालत राहिली.

28 जून 1987 रोजी बुवांची प्राणज्योत मालवली.

पूर्णेच्या जंक्शनवर गाड्या येतात, प्रवासी उतरवितात, नवे घेतात आणि पुढे जातात. गुरूचे कार्य असेच. आपल्या गावात भजनाची पेटी, पखवाज, टाळ आहेत, जाणकार वडीलधारेही आहेत. त्यांच्यापाशी चार मुले रोज तासभर बसू लागली, तर जीर्णोद्धाराचे उरलेले कामही पुरे होईल. गजाननबुवांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन.