डॉ. लिव्हिंगस्टनची औषधपेटी

स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीच्या काठी ब्लँटायर नावाचे गाव आहे. तेथे १९ मार्च १८१३ रोजी डेव्हिड लिव्हिंगस्टनचा जन्म झाला. घरची अत्यंत गरिबी असल्यामुळे दहाव्या वर्षीच त्याला सूतगिरणीत कामाला जावे लागले. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत तो तुटलेले धागे सांधीत असे. यंत्राच्या चौकटीवर पुस्तक उघडे ठेवून येता-जाता तो एकेक वाक्य वाचून घेई.

परदेशी जाऊन धर्मप्रसार करावा, असे पुढे त्याच्या मनाने घेतले. परंतु दूरच्या, अनोळखी मुलुखात जाणाऱ्याला रोग्याची सेवाही करता आली पाहिजे, हे त्याने ओळखले. १८३६ साली तो ग्लासगो येथे वैद्यक शिकू लागला. अभ्यासाचा खर्च भागावा म्हणून सुटीत तो पुन्हा गिरणीत राबे. १८४० साली त्याला शल्यवैद्याचा परवाना मिळाला आणि पुढच्याच वर्षी तो दक्षिण आफ्रिकेत दाखल झाला.

या विद्येची कसोटी १८४४ साली त्याच्याच देहावर लागली. माबोत्सा या गावी सिंह गुरे मारू लागले होते. गावकऱ्यांबरोबर लिव्हिंगस्टन शिकारीस गेला. त्याने एका सिंहावर दोन बार टाकले आणि तो बंदूक पुन्हा भरू लागला. इतक्यात जखमी सिंहाने त्याच्यावर झेप घेऊन त्याचा डावा दंड जबड्यात धरला. मेबाल्वे नावाच्या वृद्ध सोबत्याने आपली बंदूक सिंहावर रोखली. पण ती उडाली नाही. सिंह मात्र लिव्हिंगस्टनला सोडून मेबाल्वेवर धावला आणि त्याने त्याच्या मांडीचा चावा घेतला. आणखी एका माणसाला घायाळ करून अखेर तो आधीच्या गोळ्यांनी गतप्राण झाला.

लिव्हिंगस्टनच्या दंडावर दातांच्या अकरा जखमा झाल्या होत्या आणि आतील हाडाचे तुकडे झाले होते. दवाखाना जवळपास कोठेच नव्हता. शस्त्रक्रियेपूर्वी भूल देण्याची पद्धतही तेव्हा प्रचारात आली नव्हती. अशा असह्य वेदनेतही हाड कसे बसवावे, हे लिव्हिंगस्टन स्वतःच सांगत गेला आणि त्याच्या सूचनांप्रमाणे ते बसविण्यात आले. जखमा पिकल्या आणि बऱ्या होण्यास फार काळ लागला. हाड मात्र नीट सांधले नाही. तो हात पुढे त्याला खांद्यावर उचलता येईना.

सिंहापेक्षाही भयंकर शत्रू होता हिवताप. तो डासांमुळे पसरतो, हे त्या काळी कोणासच ठाऊक नव्हते. तथापि सिंकोना झाडाच्या सालीपासून काढलेले क्विनीन त्यावर गुणकारी आहे, हे लिव्हिंगस्टन जाणत होता. क्विनीनमध्ये रेवाचिनी, जालप आणि पाऱ्याचे एक रेचक मिसळून त्याने गोळ्या तयार केल्या. पाऱ्याचे असे औषध आज कोणी देत नाही; पण त्यातील क्विनीनने अनेकांचे प्राण वाचविले. तरीही औषध सर्वशक्तिमान नसते. १८६२ साली झांबेझी नदीकाठी त्याची पत्नी मेरी तापानेच मरण पावली. तिच्या उशाशी बसलेल्या पतीचे सारे ज्ञान त्या वेळी अपुरे पडले.

१८६४ साली एका लहानशा आगबोटीतून तो झांझिबारहून मुंबईस आला. पुढील वर्षी तो पुन्हा येथे आला, तेव्हा नाशिकजवळच्या शरणपूर येथील आश्रमातील नऊ तरुण त्याच्यासोबत जाण्यास तयार झाले. गुलामांच्या व्यापाऱ्यांपासून सोडविलेली आफ्रिकी मुले या आश्रमात शिकत असत. १८६६ साली ही मंडळी नाईल नदीचा उगम शोधण्यास निघाली.

जानेवारी १८६७ मध्ये मोठाच घात झाला. दोन भारवाहक वाटेतून पळाले आणि त्यांच्याबरोबर औषधांची पेटीही गेली. दाट रानात तिचा माग लागेना. इतर सामान गेले असते, तर लिव्हिंगस्टनला इतके दुःख झाले नसते. ही चोरी म्हणजे आपल्याला झालेली देहान्ताची शिक्षाच आहे, असे त्याला वाटले. तरी तो मागे फिरला नाही. ताप, फुप्फुसाचा दाह आणि हगवण यांनी त्याला एकामागून एक गाठले. १८७० साली पायांना झालेल्या क्षतांमुळे तो कित्येक आठवडे एका झोपडीत पडून होता. तेव्हा मॅलकाइट नावाचा, तांबे असलेला हिरवा दगड पाण्यात उगाळून तो पिसाने क्षतांवर लावी. हाताशी जे होते, त्यातूनच त्याला उपाय शोधावा लागला. १८७१ साली हेन्री स्टॅन्ली उजिजी येथे औषधे व अन्न घेऊन पोहोचला, तेव्हा त्याच्या जिवात जीव आला.

पण शरीर पोखरले गेले होते. १ मे १८७३ रोजी, आजच्या झांबियातील चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी, पहाटे तो बिछान्याशेजारी गुडघे टेकलेल्या स्थितीत मृत आढळला. सुसी, चुमा आणि इतर सोबत्यांनी त्याचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले. नाशिकच्या आश्रमात शिकलेल्या जेकब वेनराइटने प्रार्थना म्हटली आणि झाडावर त्याचे नाव कोरले. नंतर मिठाने व उन्हाने वाळविलेला देह वाहून नेत त्यांनी हजारांहून अधिक मैलांची वाट तुडविली. त्या प्रवासात त्यांच्यापैकी काहींनी प्राणही गमावले. सुमारे नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी १८७४ मध्ये, ते समुद्रकिनारी पोहोचले.

देह लंडनला नेल्यावर, तो लिव्हिंगस्टनचाच कशावरून, असा प्रश्न निघाला. सर विल्यम फर्ग्युसन या शल्यविशारदाने डावा दंड तपासला. तीस वर्षांपूर्वी सिंहाने मोडलेले ते हाड पाहताच शंकेला जागा उरली नाही. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबे येथे त्याचे दफन झाले. शवपेटिकेला हात देणाऱ्यांत जेकब वेनराइटही होता.

रानावनात शिरणाऱ्याने रोगोपचाराचे ज्ञान घेऊनच पाऊल टाकावे, औषधांची पेटी जिवापलीकडे जपावी आणि सोबत्यांशी असे वागावे की संकटात ते आपल्याला टाकून जाणार नाहीत, हेच लिव्हिंगस्टनचे चरित्र शिकविते. त्याची पेटी चोरीस गेली. पण ज्ञान आणि माणसे त्याच्यापाशी अखेरपर्यंत राहिली.