अभयसाधक बाबा आमटे : सेवेची पहिली पायरी

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत राहणाऱ्या आम्हा भाविकांना बाबा आमटे यांचे नाव नवे नाही. वरोऱ्याजवळचे आनंदवन आणि भामरागडच्या रानातील हेमलकसा ही ठिकाणे सर्वांच्या परिचयाची आहेत. परंतु कुष्ठरुग्णांकडे वळण्यापूर्वी बाबांनी वरोऱ्यातील सफाई कामगारांसाठी जे केले, त्याचे स्मरण क्वचितच होते. घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या, वृद्धांची व आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या भगिनींच्या प्रश्नांचा विचार करताना तो अध्याय आपण पुन्हा वाचावा, असे आम्हांस वाटते.

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे एका जमीनदार कुटुंबात झाला. शिकार, मोटार आणि इंग्रजी चित्रपट या हौशी त्यांनी तरुणपणी पुरेपूर भोगल्या. नागपूरला शिक्षण घेऊन ते वकील झाले आणि पुढे वरोऱ्यात वकिली करू लागले. १९४२ च्या आंदोलनात पकडल्या गेलेल्यांची बाजू त्यांनी न्यायालयात मांडली. रेल्वेत एका युवतीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना त्यांनी एकट्याने अडविले. हे कळल्यावर गांधीजींनी त्यांना अभयसाधक म्हणून गौरविले.

त्यांच्या विवाहाची कथाही आपल्या विषयाशी निगडित आहे. एका लग्नघरी सर्वजण समारंभात मग्न असताना घरातील एक मुलगी हळूच मागील दारी गेली आणि कपडे धुणाऱ्या म्हाताऱ्या मोलकरणीला मदत करू लागली. हे दृश्य बाबांनी पाहिले आणि त्यांचा निश्चय झाला. ती मुलगी म्हणजे इंदू घुले. १९४६ साली त्या दोघांचा विवाह झाला व इंदूताई पुढे साधनाताई म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. दोघांनी वरोऱ्यात श्रमाश्रम सुरू केला. तेथे निरनिराळ्या जातींची माणसे एकत्र राहत आणि श्रम करून एकत्र जेवत.

बाबा त्या काळी वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते आणि सफाई कामगारांच्या संघटनेचे नेतृत्वही करीत होते. गावात तेव्हा टोपलीचे संडास होते. तो मैला डोक्यावरून वाहून नेणारी माणसे सर्वांच्या उपयोगाची, परंतु कोणाच्याही उंबरठ्याआत न येणारी होती. त्यांच्या मागण्यांसंबंधी बोलणे चालले असता, हे काम स्वतः करून पाहा, असे आव्हान कामगारांनीच बाबांना दिले. बाबांनी ते स्वीकारले. जमीनदाराचा हा वकील मुलगा मैल्याची पाटी डोक्यावर घेऊन गावातून चालू लागला. एक-दोन दिवस नव्हे, तर नऊ महिने त्यांनी हे काम केले.

याच काळात एका पावसाळी संध्याकाळी रस्त्याच्या कडेला त्यांना तुळशीराम दिसला. कुष्ठरोगाने त्याची बोटे झडली होती, जखमांत किडे पडले होते. कोणालाही न भिणारे बाबा त्या क्षणी भ्याले आणि तेथून पळाले. शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात याजक व लेवी बाजूने निघून जातात. बाबाही प्रथम त्यांच्यासारखेच निघून गेले. फरक इतकाच, की ते परतून आले. त्यांनी तुळशीरामवर आडोसा उभारला, त्याची शुश्रूषा केली. तो वाचला नाही. पण स्वतःच्या भयाची लाज बाबांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगावरील उपचारांचे शिक्षण घेतले. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि १९५१ साली खडकाळ जमिनीवर सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये यांसह आनंदवनाचा आरंभ झाला.

पुढील इतिहास सर्वज्ञात आहे. १९६२ साली आपल्या चांदा मिशनचा प्रारंभ झाला, तेव्हा आनंदवन अकरा वर्षांचे होते. १९६७ साली मूल तालुक्यात सोमनाथ, १९७३ साली माडिया गोंड बांधवांसाठी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला. १९८५ साली बाबांना मॅगसेसे पुरस्कार व १९९० साली टेम्पल्टन पुरस्कार मिळाला. हाच टेम्पल्टन पुरस्कार १९७३ साली प्रथम मदर तेरेसा यांना देण्यात आला होता. ९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबांनी आनंदवनात देह ठेवला आणि त्याच मातीत ते विसावले.

बाबा ख्रिस्ती नव्हते. तरीही पवित्र गुरुवारी वेदीसमोर पाय धुण्याचा विधी आपण पाहतो, तेव्हा वरोऱ्याच्या त्या वकिलाची आठवण व्हावी. शिष्यांचे पाय धुताना प्रभू येशूने सेवकाचे काम स्वतः केले. बाबांनीही कामगारांची बाजू मांडण्यापूर्वी त्यांचे ओझे उचलले.

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चाच आहे. त्यानुसार १८ ते ६० वर्षे वयाच्या घरकामगारांना नोंदणी करता येते. आपल्या धर्मग्रामातील किती भगिनींची नोंदणी झाली आहे? आपल्या घरी काम करणाऱ्या बाईला आठवड्याची सुट्टी, आजारपणात पगार आणि बसायला खुर्ची मिळते काय? हे प्रश्न सभेत मांडण्याआधी आपण आपल्याच स्वयंपाकघरात विचारले पाहिजेत. एकदा भयाने दूर गेलेला माणूस परतून येऊ शकतो, हे बाबांनी दाखविले. तशी परतण्याची कृपा प्रभू आपणां सर्वांस देवो.