तुलूझचे रसायनशास्त्रज्ञ

पॉल साबात्ये यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८५४ रोजी दक्षिण फ्रान्समधील कार्कासॉन या गावी झाला. पॅरिस येथे विद्याभ्यास पूर्ण करून १८८२ मध्ये ते तुलूझ येथे अध्यापक झाले आणि तेथेच त्यांनी आपले आयुष्य वेचले. १९०७ मध्ये पॅरिसमधील मानाच्या अध्यासनांसाठी त्यांना पाचारण झाले. परंतु तुलूझ सोडण्यास ते राजी झाले नाहीत.

निकेल हा धातू कार्बन मोनॉक्साइड वायूशी थेट संयोग पावतो, असे १८९० मध्ये लुडविग माँड यांनी दाखविले होते. इतर वायूही धातूंशी असेच जोडले जातील काय, या प्रश्नाने साबात्ये यांना पछाडले. १८९७ मध्ये त्यांनी सांदरेन्स या धर्मगुरू सहकाऱ्यासह निकेलच्या तप्त भुकटीवरून एथिलीन वायू सोडला. बाहेर आलेल्या वायूत मुख्यतः ईथेन सापडला! ईथेनच्या रेणूत एथिलीनहून हायड्रोजनचे दोन अणू अधिक असतात. मग त्यांनी एथिलीनमध्ये मुद्दाम हायड्रोजन मिसळला, तेव्हा त्या मिश्रणातून ईथेन सहज तयार झाला. निकेल मात्र खर्ची पडले नाही. अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात. पुढे याच मार्गाने इतरांनी पातळ तेले घट्ट केली. आपल्या परिचयाचे वनस्पती तूप ते हेच. या कार्याबद्दल साबात्ये यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक ग्रीन्यार यांच्यासमवेत मिळाले.

पण निकेल हे घडविते कसे? धातूच्या सूक्ष्म छिद्रांत वायू दाबला जातो व तापतो, एवढेच पुष्कळ विद्वान मानीत. साबात्ये यांना हे पटेना. वायू धातूच्या पृष्ठभागाशी क्षणभर रासायनिक बंधाने जोडला जातो आणि ते अस्थिर संयुग लगेच मोडते, असे त्यांचे मत होते. ते संयुग दाखविण्याचे साधन त्या काळी नव्हते. १४ ऑगस्ट १९४१ रोजी त्यांचे निधन झाले.

१९५४ मध्ये अमेरिकेत आयशेन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लॅटिनमच्या बारीक कणांवर कार्बन मोनॉक्साइड बसवून त्यांतून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण पाठविले. रेणूंतील बंध तारेप्रमाणे कंप पावतात आणि आपल्या कंपनाशी जुळणारेच किरण शोषून घेतात. मोकळा वायू जे किरण शोषतो, त्यांहून निराळे किरण या वायूने शोषले. साबात्ये यांनी कल्पिलेल्या संयुगांचा तपशील सर्वस्वी बरोबर नव्हता. तथापि, वायू धातूशी खरोखरच बांधला गेला होता. काही रेणू धातूच्या एकाच अणूला चिकटले होते, तर काही दोन अणूंवर पुलासारखे टेकले होते, असे त्या किरणांच्या वर्णपटावरून अनुमान निघाले.