डग्लस एंगेलबार्ट

डग्लस कार्ल एंगेलबार्ट (३० जानेवारी, इ.स. १९२५; पोर्टलंड, ओरेगन - २ जुलै, इ.स. २०१३; अथर्टन, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन विद्युत अभियंता व संगणक संशोधक होते. संगणकाच्या माउसचे जनक म्हणून ते सर्वत्र ओळखले जातात. पडद्यावरील चित्रे, चौकटी व बाण यांच्या साहाय्याने संगणक हाताळण्याच्या पद्धतीचा, म्हणजेच ग्राफिकल युजर इंटरफेसचा, पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. मात्र त्यांचे उद्दिष्ट याहून मोठे होते. मानवजातीपुढील गुंतागुंतीचे प्रश्न सोडवण्यासाठी माणसांच्या सामूहिक बुद्धीला संगणकाचे बळ मिळावे, यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. जगाने त्यांचे साधन उचलले. उद्दिष्टाकडे बव्हंशी दुर्लक्ष केले.

जीवन

तीन भावंडांतील एंगेलबार्ट हे मधले. ते नऊ वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. ओरेगन स्टेट कॉलेजात विद्युत अभियांत्रिकी शिकत असताना दुसऱ्या महायुद्धामुळे त्यांना नौदलात जावे लागले. रडार तंत्रज्ञ म्हणून ते फिलिपिन्समध्ये होते. तेथील लेयटे बेटावर रेड क्रॉसच्या वाचनालयात त्यांनी व्हॅनिव्हर बुश यांचा एक लेख वाचला. वाढत्या ज्ञानसंचयातून हवी ती माहिती परस्परसंबंधांच्या धाग्याने शोधून देणाऱ्या यंत्राची कल्पना त्या लेखात मांडलेली होती.

इ.स. १९४८ मध्ये पदवी घेऊन ते कॅलिफोर्नियातील एम्स प्रयोगशाळेत नोकरीस लागले. इ.स. १९५० च्या अखेरीस विवाह निश्चित झाल्यावर, आता आयुष्यात मिळवायचे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. संगणक त्या काळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते आणि ते आकडेमोडीसाठी वापरले जात. परंतु रडारच्या पडद्यावर यंत्र चिन्हे उमटवू शकते, हे एंगेलबार्ट यांनी प्रत्यक्ष पाहिलेले होते. मग संगणकही माणसासमोर पडद्यावर मजकूर व आकृत्या का दाखवू शकणार नाही, असा त्यांचा सरळ तर्क होता. नोकरी सोडून ते बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले व इ.स. १९५५ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. इ.स. १९५७ मध्ये ते मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत रुजू झाले. मानवी बुद्धीचे सामर्थ्य वाढवण्याविषयीचा आपला आराखडा त्यांनी इ.स. १९६२ मध्ये तेथेच अहवालरूपाने मांडला.

माउस

पडद्यावरील नेमकी जागा कशी दाखवावी, हा तेव्हा व्यवहारातला प्रश्न होता. प्रकाशलेखणी, जॉयस्टिक, इतकेच नव्हे तर टेबलाखाली गुडघ्याने हलवायचे एक उपकरणही एंगेलबार्ट यांच्या चमूने तपासून पाहिले. सरावलेल्या लोकांच्या हाती माउस सरस ठरला. त्याचा पहिला नमुना बिल इंग्लिश यांनी एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून तयार केला होता. लाकडी ठोकळ्याखाली एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाके होती. एक चाक आडवी हालचाल टिपे, तर दुसरे उभी. शेपटीसारख्या तारेमुळे त्याला माउस म्हणू लागले. हे नाव प्रथम कोणी दिले, ते पुढे चमूतील कोणालाच आठवेना. त्याचे पेटंट १७ नोव्हेंबर, इ.स. १९७० रोजी मिळाले. ते संस्थेच्या मालकीचे असल्याने एंगेलबार्ट यांना माउसच्या विक्रीतून मानधन मिळाले नाही.

इ.स. १९६८ चे प्रात्यक्षिक

९ डिसेंबर, इ.स. १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील संगणक परिषदेत सुमारे हजार श्रोत्यांसमोर एंगेलबार्ट यांनी ९० मिनिटांचे प्रात्यक्षिक दिले. त्यांच्यासमोर पडदा, उजव्या हाताशी माउस व डाव्या हाताशी पाच पट्ट्यांचा लहान कळफलक होता. संगणक मात्र सुमारे ५० किलोमीटरवर मेन्लो पार्कमध्ये होता. उदाहरण त्यांनी अगदी घरगुती घेतले: बाजारातून आणायच्या वस्तूंची यादी. ती त्यांनी पडद्यावर लिहिली, प्रकारानुसार लावली, तिच्यातील नोंदी उघडझाप करून दाखवल्या. पुढे शब्दावरून दुसऱ्या मजकुरावर जाणारे दुवे, तसेच दूरच्या सहकाऱ्याचा चेहरा पडद्यावर पाहत त्याच्यासह एकाच मजकुरावर केलेले काम श्रोत्यांनी पाहिले. श्रोत्यांनी उभे राहून टाळ्यांचा गजर केला. बहुतेकांना तोवर छिद्रांकित पत्रेच ठाऊक होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या टाळ्यांचा अर्थ कळतो.

उतरता काळ

इ.स. १९७० नंतर अनेक सहकारी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील नव्या केंद्रात गेले; बिल इंग्लिशही त्यांत होते. यामागे केवळ पैसा नव्हता, तर मूलभूत मतभेद होता. एंगेलबार्ट यांच्या मते सामर्थ्यवान साधन शिकण्यास कष्ट पडले तरी हरकत नाही. तीनचाकी सोपी असते, पण लांबचा पल्ला सायकलनेच गाठता येतो. तरुण संशोधकांना मात्र शिकवणीशिवाय कोणालाही वापरता येईल असा, प्रत्येकाचा स्वतंत्र संगणक हवा होता. त्यांच्या आल्टो (इ.स. १९७३) व स्टार (इ.स. १९८१) या यंत्रांवर एकमेकींवर सरकणाऱ्या खिडक्या व चिन्हे विकसित झाली. ती पद्धत ॲपलच्या मॅकिंटॉश (इ.स. १९८४) व मायक्रोसॉफ्टच्या विंडोजद्वारे घरोघरी पोहोचली. त्यामुळे एंगेलबार्ट यांना ग्राफिकल युजर इंटरफेसचे एकमेव जनक म्हणणे अचूक नाही. इव्हान सदरलँड यांचा स्केचपॅड हा चित्ररेखनाचा प्रोग्रॅमही त्यांच्या प्रात्यक्षिकाआधीचा आहे. शिकण्यास कठीण असा पाच पट्ट्यांचा कळफलक मागे पडला.

शासकीय अनुदान आटल्यावर एंगेलबार्ट यांची प्रणाली टाइमशेअर कंपनीकडे गेली, तीही पुढे मॅकडॉनल डग्लस या विमान कंपनीने घेतली. कल्पनांना वाव न मिळाल्याने ते इ.स. १९८६ मध्ये निवृत्त झाले. कन्या क्रिस्टीना यांच्यासह त्यांनी बूटस्ट्रॅप इन्स्टिट्यूट स्थापन केली.

सन्मान

इ.स. १९९७ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार व लेमेल्सन-एमआयटी पुरस्कार मिळाले. त्याच वर्षी पत्नी बॅलार्ड यांचे निधन झाले. इ.स. २००० मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक त्यांना देण्यात आले. वयाच्या ८८ व्या वर्षी मूत्रपिंडाच्या विकाराने राहत्या घरी त्यांचे निधन झाले.