सुट्टीच्या दिवशी अमेरिकेतले लोक झाडू का हातात घेतात? उत्तर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या शेवटच्या लढ्यात आहे

जानेवारीचा तिसरा सोमवार आला की अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या ओळखीच्यांचे स्टेटस बघा. ऑफिसला सुट्टी असते, पण कुणी शाळेच्या भिंती रंगवत असतं, कुणी गरजूंसाठी धान्याची पाकिटं भरत असतं, तर कुणी बागेतला कचरा उचलत असतं.

आता सुट्टीच्या दिवशी हा उद्योग कशासाठी?

तर हा दिवस आहे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीचा. आणि ही सुट्टी मिळवायला १५ वर्षं भांडावं लागलं होतं.

किंग यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ चा, अटलांटा शहरातला. वडील चर्चमध्ये पाद्री. घर खाऊनपिऊन सुखी होतं, पण कातडीचा रंग काळा. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्यांची शाळा वेगळी, पाण्याचा नळ वेगळा आणि बसमधली सीटसुद्धा वेगळी.

किंगही शिकून पाद्री झाले आणि मॉन्टगोमेरी शहरातल्या चर्चमध्ये रुजू झाले. १ डिसेंबर १९५५ ला त्याच शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधली सीट गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला. त्यांना अटक झाली आणि काळ्या लोकांनी शहरातल्या बसवर बहिष्कार टाकला. नेतृत्व आलं २६ वर्षांच्या किंग यांच्याकडे. शहरात नवीन असल्यामुळे त्यांचं कुणाशी वाकडं नव्हतं, हेही त्यामागचं एक कारण.

हा बहिष्कार ३८१ दिवस चालला. धुणीभांडी करणाऱ्या बायका मैलोन् मैल चालत कामाला गेल्या. ज्यांच्याकडे गाडी होती त्यांनी इतरांची ने-आण केली. मधेच किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. घरात बायको आणि तान्ही मुलगी होती, दोघी वाचल्या. बाहेर चिडलेली गर्दी जमली, काहींच्या हातात शस्त्रंही होती. किंग यांनी त्यांना शांत करून घरी पाठवलं. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने बसमधला भेदभाव बेकायदा ठरवला.

हा अहिंसेचा रस्ता त्यांनी गांधीजींकडून घेतला होता. म्हणून १९५९ मध्ये ते पत्नी कोरेटा यांच्यासोबत महिनाभर भारतात आले. मुंबईत त्यांनी मुक्काम केला तो गांधीजींच्या मणिभवनात.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असतं. १९६३ मध्ये वॉशिंग्टनला दोन लाखांहून जास्त लोकांसमोरचं ते भाषण, १९६४ मध्ये वयाच्या ३५ व्या वर्षी शांततेचं नोबेल, त्याच वर्षी नागरी हक्कांचा कायदा आणि १९६५ मध्ये मतदानाच्या हक्काचा कायदा.

पण खरी गोष्ट इथून पुढे आहे.

किंग आता गरिबीवर आणि व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात बोलायला लागले. बसमधली सीट मिळाली, पण खिशात तिकिटाचे पैसे नसतील तर काय उपयोग, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. हे अनेकांना पचलं नाही. १९६६ च्या एका सर्वेक्षणात १०० पैकी ६३ अमेरिकन लोकांचं त्यांच्याविषयी वाईट मत होतं. आज ज्यांचे पुतळे आहेत, ते जिवंतपणी इतके नावडते होते.

१ फेब्रुवारी १९६८. मेम्फिस शहरात जोराचा पाऊस होता. दोन काळे सफाई कामगार आडोसा म्हणून कचरागाडीच्या मागच्या भागात शिरले. कचरा दाबणारं यंत्र अचानक सुरू झालं आणि दोघेही चिरडून मेले. पगार तुटपुंजा, गाड्या जुनाट, त्यात हे. सुमारे १३०० सफाई कामगारांनी संप पुकारला. आम्हीही माणसं आहोत, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

किंग त्यांच्यासाठी मेम्फिसला आले आणि ४ एप्रिल १९६८ ला तिथल्या लॉरेन मोटेलच्या बाल्कनीत त्यांच्यावर गोळी झाडली गेली. वय होतं फक्त ३९. काही दिवसांतच शहराने कामगारांची युनियन मान्य केली, पगारही वाढवला.

हत्येनंतर चारच दिवसांनी खासदार जॉन कॉनियर्स यांनी सुट्टीचं विधेयक मांडलं. ते वर्षानुवर्षं रखडलं. १९७९ मध्ये तर अवघी ५ मतं कमी पडली. कोरेटा देशभर फिरल्या, गायक स्टीव्ही वंडर यांनी त्यासाठी गाणं केलं, ६० लाख सह्या जमल्या. अखेर १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केली आणि १९८६ मध्ये पहिली सुट्टी पाळली गेली. तरीही सगळ्या ५० राज्यांत ती लागू व्हायला २००० साल उजाडलं.

सेवेचा भाग आला १९९४ मध्ये. खासदार जॉन लुईस आणि हॅरिस वॉफर्ड यांनी त्यासाठी कायदा आणला. लुईस म्हणजे १९६५ च्या सेल्मा मोर्चात पोलिसांच्या मारामुळे ज्यांची कवटी फुटली होती ते. किंग यांच्या नावाची सुट्टी लोळून घालवायची नाही, ती लोकांच्या उपयोगी पडली पाहिजे, हा त्यामागचा विचार.

यावर टीकाही होते. भिंत रंगवून फोटो टाकायचा आणि मंगळवारपासून सगळं विसरायचं, याने किंग यांचा लढा गुळगुळीत होतो असं काही जण म्हणतात. त्यात तथ्य आहे. एका दिवसाच्या श्रमदानाने कुणाचा पगार वाढत नाही.

पण त्याच दिवशी मेम्फिसमध्ये लोक लॉरेन मोटेललाही जातात. तिथे आता नागरी हक्कांचं संग्रहालय आहे आणि त्यात सफाई कामगारांच्या संपाची गोष्टही सांगितली जाते. त्यामुळे पुढच्या जानेवारीत कुणाचा झाडू हातात घेतलेला फोटो दिसला, तर लाईक जरूर करा. फक्त हेही आठवा, की किंग मेले तेव्हा ते रोज झाडू हातात धरणाऱ्यांच्या पगारासाठी भांडत होते.