जॉन वेस्ली
जॉन वेस्ली (१७ जून १७०३ – २ मार्च १७९१, जन्मतारीख जुन्या ज्युलियन कालगणनेनुसार) हे इंग्लंडमधील अँग्लिकन धर्मगुरू, प्रवचनकार आणि मेथडिस्ट चळवळीचे प्रमुख संस्थापक होते. बुद्धिवादाचा प्रभाव वाढत असताना आणि नव्या औद्योगिक वस्त्या चर्चपासून दूर राहिलेल्या असताना इंग्लंडमध्ये जे ख्रिस्ती धार्मिक पुनरुज्जीवन घडले, त्याचे नेतृत्व प्रामुख्याने वेस्ली यांच्याकडे जाते. ते अखेरपर्यंत चर्च ऑफ इंग्लंडचे सदस्य राहिले. मात्र त्यांनी उभारलेल्या संघटनेतूनच पुढे स्वतंत्र मेथडिस्ट चर्च निर्माण झाले.

पार्श्वभूमी
अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडच्या सुशिक्षित वर्गात डीइस्ट विचारवंतांचा प्रभाव होता. ईश्वराने सृष्टी निर्माण केली, परंतु तो तिच्या व्यवहारात हस्तक्षेप करत नाही; म्हणून चमत्कार व साक्षात्कार यांची धर्माला आवश्यकता नाही, असे त्यांपैकी अनेकांचे मत होते. मॅथ्यू टिंडल यांचा या विचाराचा गाजलेला ग्रंथ १७३० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास कोळशाच्या खाणी आणि कारखाने यांभोवती नव्या वस्त्या वाढत होत्या. चर्चची पॅरिशव्यवस्था मध्ययुगीन गावांच्या सीमांवर आधारलेली असल्याने या वस्त्यांतील अनेकांना जवळचे चर्च वा धर्मगुरू नव्हता.

बालपण व शिक्षण
वेस्ली यांचा जन्म लिंकनशायरमधील एपवर्थ येथे झाला. वडील सॅम्युएल हे तेथील धर्मगुरू होते. एकोणीस अपत्यांपैकी जॉन हे पंधरावे. यांतील अनेक अपत्ये बालपणीच दगावली. आई सुझाना यांनी मुलांना घरीच कडक शिस्तीत शिकविले. १७०९ मध्ये घराला लागलेल्या आगीतून पाच वर्षांच्या जॉन यांना वरच्या मजल्यावरील खिडकीतून वाचविण्यात आले. आपण एका विशेष कार्यासाठी वाचलो, ही भावना त्यांच्या मनात पुढे दृढ झाली.

लंडनच्या चार्टरहाऊस शाळेनंतर त्यांनी ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात शिक्षण घेतले. १७२६ मध्ये ते लिंकन कॉलेजचे फेलो झाले आणि १७२८ मध्ये त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. त्यांचे धाकटे बंधू चार्ल्स यांनी ऑक्सफर्डमध्ये सुरू केलेल्या लहानशा मंडळाचे नेतृत्व लवकरच जॉन यांच्याकडे आले. ठरावीक वेळी प्रार्थना, उपवास, अभ्यास आणि तुरुंगातील कैद्यांच्या भेटी असा या मंडळाचा काटेकोर नेम असे. इतर विद्यार्थ्यांनी थट्टेने दिलेले मेथडिस्ट, म्हणजे पद्धतशीर वागणारे, हे नाव पुढे चळवळीने स्वीकारले.

जॉर्जियातील अपयश
१७३५ मध्ये वेस्ली अमेरिकेतील जॉर्जिया या नव्या वसाहतीत धर्मकार्यासाठी निघाले. प्रवासातील वादळात जहाजावरील जर्मन मोरेव्हियन ख्रिस्ती शांतपणे स्तोत्रे गात राहिले. वेस्ली मात्र भयभीत झाले. सव्हाना येथे त्यांची शिस्त वसाहतवाल्यांना जाचक वाटली. ज्या तरुणीशी विवाहाचा विचार त्यांनी केला होता, तिने दुसऱ्याशी लग्न केल्यानंतर त्यांनी तिला प्रभुभोजन नाकारले आणि त्यावरून त्यांच्यावर खटला भरला गेला. डिसेंबर १७३७ मध्ये त्यांनी जॉर्जिया सोडले.

लंडनला परतल्यावर मोरेव्हियन धर्मोपदेशक पीटर ब्योलर यांच्याशी झालेल्या चर्चांचा त्यांच्यावर परिणाम झाला. २४ मे १७३८ रोजी ऑल्डर्सगेट स्ट्रीट येथील सभेत मार्टिन ल्यूथर यांनी रोमकरांस पत्राला लिहिलेली प्रस्तावना वाचली जात असताना, आपले तारण कर्मांनी नव्हे तर ख्रिस्तावरील विश्वासाने होते, याची वैयक्तिक प्रचीती त्यांना आली. मेथडिस्ट परंपरेत हा दिवस आजही स्मरला जातो.

उघड्या मैदानातील प्रवचने
अनेक चर्चनी वेस्ली यांना प्रवचनपीठ नाकारले. ऑक्सफर्डमधील सहकारी जॉर्ज व्हाइटफील्ड ब्रिस्टलजवळील किंग्जवूडच्या खाणकामगारांसमोर मैदानात प्रवचने देत होते. चर्चच्या वास्तूबाहेर उपदेश करणे वेस्ली यांना प्रथम अनुचित वाटले. तरीही २ एप्रिल १७३९ रोजी ब्रिस्टल येथे त्यांनी पहिले मैदानी प्रवचन दिले. ब्रिस्टलचे बिशप जोसेफ बटलर हे डीइस्ट मतांचे खंडन करणारे नामवंत विद्वान होते. परंतु त्यांनीही वेस्ली यांना आपला धर्मप्रांत सोडण्यास सांगितले. १७४२ मध्ये एपवर्थच्या चर्चमध्ये बोलू न दिल्याने वेस्ली यांनी बाहेरच्या आवारात वडिलांच्या थडग्यावर उभे राहून प्रवचने दिली. १७४३ मध्ये वेन्सबरी येथे दंगलखोर जमावाने त्यांच्यावर हल्ला केला.

पुढील सुमारे पन्नास वर्षे ते मुख्यतः घोड्यावरून प्रवास करत राहिले. त्यांनी सुमारे २,५०,००० मैल प्रवास केला आणि ४०,००० प्रवचने दिली, असा अंदाज दिला जातो.

संघटना व समाजकार्य
व्हाइटफील्ड हे अधिक प्रभावी वक्ते मानले जात. परंतु श्रोत्यांना टिकवून ठेवणारी रचना वेस्ली यांनी उभी केली. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी सभासदांचे सुमारे बारा जणांचे गट पाडून प्रत्येकाकडून आठवड्याला एक पेनी घेण्याचे ठरले. वर्गणीसाठी घरोघरी जाणाऱ्या गटप्रमुखांना सभासदांच्या अडचणी, व्यसने व कलह कळू लागले. त्यामुळे हेच गट परस्परांच्या आचरणाची विचारपूस करणारे साप्ताहिक वर्ग बनले. गटप्रमुखांत कारागीर, मजूर आणि स्त्रियाही होत्या. दीक्षा न घेतलेल्या सामान्य व्यक्तींनाही वेस्ली यांनी प्रवचनकार म्हणून नेमले.

गरिबांसाठी त्यांनी दवाखाना व लहान कर्जांचा निधी सुरू केला. घरगुती उपचारांवरील त्यांचे प्रिमिटिव्ह फिजिक हे पुस्तक १७४७ मध्ये प्रसिद्ध होऊन त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. १७७४ मध्ये त्यांनी गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. मृत्यूच्या काही दिवस आधी विल्यम विल्बरफोर्स यांना लिहिलेल्या पत्रातही त्यांनी गुलामगिरीविरोधी लढ्यास पाठिंबा दिला.

मतभेद व वैयक्तिक जीवन
ईश्वराने तारणासाठी काहींनाच निवडले आहे, हा पूर्वनियतिवाद व्हाइटफील्ड मानत. वेस्ली यांच्या मते ईश्वरी कृपा सर्वांसाठी खुली होती. या वादातून चळवळीत फूट पडली. १७५१ मध्ये वेस्ली यांनी मेरी व्हाझेल या विधवेशी विवाह केला. त्यांचा सततचा प्रवास व परस्परांवरील अविश्वास यांमुळे तो विवाह दुःखद ठरला आणि दोघे विभक्त झाले.

चर्च ऑफ इंग्लंडशी संबंध
मेथडिस्टांनी चर्च ऑफ इंग्लंड सोडू नये, असा वेस्ली यांचा आग्रह होता. परंतु अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धानंतर तेथील मेथडिस्टांना प्रभुभोजन देण्यास पुरेसे दीक्षित धर्मगुरू उरले नाहीत. लंडनच्या बिशपांनी अमेरिकेसाठी दीक्षा देण्याची विनंती आधीच नाकारली होती. १७८४ मध्ये वेस्ली यांनी स्वतःच दोघांना दीक्षा दिली आणि थॉमस कोक यांची अमेरिकेसाठी अधीक्षक म्हणून नियुक्ती केली. अँग्लिकन नियमांनुसार हा अधिकार केवळ बिशपांचा होता. चार्ल्स यांनी या कृतीला तीव्र विरोध केला. १७८८ मध्ये निधन झाल्यावर त्यांचे दफन त्यांच्या इच्छेनुसार मेथडिस्ट प्रार्थनागृहाच्या आवारात न करता पॅरिश चर्चच्या दफनभूमीत करण्यात आले.

मृत्यू व वारसा
२ मार्च १७९१ रोजी लंडन येथे वेस्ली यांचे निधन झाले. सिटी रोडवरील प्रार्थनागृहामागे त्यांची समाधी आहे. त्या वेळी ब्रिटन व आयर्लंडमधील सभासदांची संख्या ७० हजारांवर गेली होती. १७९५ मध्ये मेथडिस्ट प्रार्थनागृहांत प्रभुभोजन देण्यास सशर्त मान्यता मिळाली आणि चर्च ऑफ इंग्लंडपासूनचा दुरावा व्यवहारात पक्का झाला.

या चळवळीमुळे इंग्लंडमध्ये फ्रान्ससारखी क्रांती टळली, असे मत फ्रेंच इतिहासकार एली आलेव्ही यांनी मांडले. इ. पी. थॉम्पसन यांनी १९६३ च्या ग्रंथात मेथडिझमने कामगारांवर कारखान्याची शिस्त लादण्यास हातभार लावल्याची टीका केली. दुसरीकडे, साप्ताहिक वर्गांतून सभा चालविण्याचा व हिशेब ठेवण्याचा अनुभव मिळालेले अनेक कामगार पुढे कामगार संघटनांत पुढे आले, याकडेही अभ्यासक लक्ष वेधतात.

मुंबईत अमेरिकन मेथडिस्ट प्रवचनकार विल्यम टेलर १८७१ मध्ये आले. त्यांच्या सभांतून तेथे मेथडिस्ट मंडळी स्थापन झाली आणि साप्ताहिक वर्गांची वेस्ली यांची पद्धत शहरात पोहोचली.